मेंढ्या कोणी वळवल्या

इसा टेलफर लग्न होऊन आमच्या खोऱ्यात आली तेव्हा तिला मेंढीचं तोंड कुठल्या बाजूला असतं एवढंच ठाऊक होतं. हॉइक शहरातल्या लोकर गिरणीत वाढलेली पोर ती. लँगरिगच्या टेकडीकडे बोट दाखवून तिने मला पहिल्याच दिवशी विचारलं, "तिकडे वर काय आहे?"

"गवत," मी म्हटलं.

"आणि त्याच्या वर?"

"आणखी गवत."

"मग मी खालीच बरी," ती म्हणाली, आणि पुढची एकतीस वर्षं खरंच खाली राहिली.

टेकडी चढायचा तो तिचा नवरा, वॉटी. रोज सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. वरचा ओढा ओलांडला की माझी हद्द सुरू. मध्ये कुंपण नव्हतं आणि कधी लागलंही नाही. कोकरू पहिल्या उन्हाळ्यात आईमागे जिथवर फिरतं तेवढीच टेकडी ते आपली मानतं, आणि पुढे स्वतःच्या कोकराला तेच शिकवतं. वॉटीच्या आजोबांपासून त्यांची मेंढी ओढ्यापाशी आली की आपणहून मागे वळायची.

मग लाळ-खुरकुताची साथ आली आणि खोऱ्यातली सगळी जनावरं मारायचा हुकूम निघाला. सरकारी माणसांनी दोन दिवस धावाधाव केली, पण वॉटीच्या मेंढ्या काही हाती लागेनात. शेवटी वॉटीच वर गेला. बर्फात चारा टाकताना मारायचा तीच हाक त्याने मारली, आणि त्या सगळ्या त्याच्या मागून खाली आल्या. त्यानंतर ती हाक मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नाही. माझ्याही मेंढ्या गेल्या. मी वैतागून तो धंदाच सोडला आणि लाकूडतोडीच्या कामाला लागलो.

वॉटीने मात्र नव्या मेंढ्या आणल्या. परक्या मुलखातल्या. त्यांना ना टेकडी ठाऊक, ना ओढा. त्यातून माझ्या बाजूला चरायला कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे तिथे गवत गुडघाभर वाढलेलं. रोज त्या ओढा ओलांडायच्या आणि रोज वॉटी त्यांना वळवून आणायचा.

"अरे, कुंपण घाल की," मी ओरडायचो. "का मेंढ्यांची शाळा काढलीयस म्हातारपणी?"

"कुंपणातली मेंढी कोणाचीही असते," तो म्हणायचा. "या टेकडीच्या व्हायला हव्यात."

त्याला तेवढंच हवं होतं. स्वतःच्या हाकेने रिकामी केलेली टेकडी मरायच्या आधी पुन्हा नांदती बघायची होती.

चौथ्या वर्षी त्याच्या छातीने दगा दिला. खिडकीजवळच्या खाटेवरून त्याला टेकडीचा खालचा उतार दिसायचा, ओढा दिसायचा नाही. एका सकाळी त्याने इसाला वर धाडलं. "फक्त बघून ये. त्यांना वळवायचं नाही. आपल्या आपण वळतात का, तेवढं बघ."

इसाचं वय तेव्हा साठीला आलेलं, खुबा दुखरा. मी माझ्या बाजूला, मेंढ्यांच्या जुन्या वाड्याच्या दगडी गडग्यावर बसलो होतो. मेंढ्या झाडून सगळ्या माझ्या गवतात. इसा धापा टाकत वर आली, क्षणभर बघत राहिली, आणि मग अंगातला कोट काढून तो फडकवत गिरणीतल्या शिव्या हासडत त्यांच्यामागे धावली. चिखलात आपटली. मला हसू आवरेना.

"दात काय काढतोस मेल्या? हाकल!"

मी हाकलल्या. तिने ओढ्यात तोंड धुतलं, कोटावरचा चिखल खरवडला, आणि आम्ही दोघं खाली आलो.

"कोणी वळवल्या?" वॉटीने विचारलं.

"कोणीच नाही. आपल्या आपण वळल्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चर्चमधला पंच. खोट्याची मला चीड आहे हे सगळ्या खोऱ्याला माहीत. "खरं का रे, ॲडम?"

"एकीनेही माझ्या बाजूला पाय टाकला नाही," मी म्हटलं. चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

त्याने उशीला डोकं टेकलं. आठ दिवसांनी गेला.

दफन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी इसा काठी घेऊन ओढ्यापाशी उभी. मी म्हटलं, "बाई, आता कशाला? ऐकणारा गेला."

"त्याला खोटं सांगून पाठवलंय मी, ॲडम. ते खरं करायला नको?"

तीन वर्षं ती चढली. वाऱ्यात, गारांत, तो खुबा घेऊन. गावात म्हणायचे, बिचारी दुःखाने भटकते. ओढ्याच्या त्या काठावर ती, या काठावर मी, असे आम्ही आपापल्या बाटलीतला चहा प्यायचो. ती माझ्या टोपीला नावं ठेवायची, मी तिच्या चालीला. मी लग्न केलं नाही. माझ्या आयुष्यात त्या चहाइतकं सुख दुसरं झालं नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

तिसऱ्या वसंतात तिला न्युमोनिया झाला. तीच खाट, तीच खिडकी. "आज माझ्याऐवजी तू जा," ती म्हणाली.

मी गेलो आणि गडग्याआड बसलो. काळ्या तोंडाची एक मेंढी ओढ्यापाशी आली. वॉटीच्या शेवटच्या वसंतात याच टेकडीवर जन्मलेली. तिच्या कोकराने पुढचे पाय पाण्यात टाकले. मेंढीने एकदाच बें केलं आणि ती मागे वळली. कोकरू वळलं. मागच्याही एकेक करून वळल्या. मी जागचा हललो नव्हतो.

सत्तरीचा मी, ती टेकडी धावत उतरलो.

"कोणी वळवल्या?" इसाने विचारलं.

"कोणीच नाही! शपथेवर सांगतो इसा, आपल्या आपण वळल्या! एकीनेही माझ्या बाजूला पाय टाकला नाही!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"वॉटीलाही तू अगदी असंच सांगितलं होतंस," ती म्हणाली. "चांगला शेजारी आहेस."

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं. जितकं सांगितलं तितकी ती माझा हात थोपटत राहिली.