लाकडी सुया

मोजे विणायच्या माझ्या पाच लाकडी सुयांपैकी एकीचं टोक काल मोडलं. उदबत्तीच्या काडीसारख्या बारीक सुया त्या. दुकानातल्या बाईंनी स्टीलच्या पुढे केल्या. "लाकडी आता कोण घेतं, काकू? या जन्मभर टिकतील."

मी तिथेच चार टाके घालून पाहिले. सुया एकमेकींवर आपटून खणखणत होत्या. माझ्या घरात दुसरा आवाज नसतो. तिथे तेवढाही फार मोठा वाटला असता. मी त्या परत ठेवल्या.

घरी येऊन मोडकी सुई पॉलिश पेपरवर गोल फिरवत नवं टोक काढलं, खोबरेलाचं बोट लावलं. लोकर अडेनाशी झाली. सुई नखभर आखूड झाली, एवढंच.

तेवढ्यात परदेशातून लेकाचा फोन आला. "आई, यंदा मोजे नको पाठवूस. घरात हीटर असतो, घालणंच होत नाही."

"बरं," म्हटलं.

त्याचं माप मला पाठ आहे. ह्यांचंही होतं; ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. लोकर मांडीवर तशीच पडून होती. शेवटी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पाऊल ठेवलं आणि पेनाने भोवती रेघ ओढली. इतकी वर्षं मोजे विणले, पण माझं पाऊल एवढं लहान आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.