सुंदरीपुढचा माईक

लग्नात स्पीकर लावून पोट भरणाऱ्या एजाजने घरामागच्या खोलीत रेकॉर्डिंगची सोय केली, तेव्हा भिंतींना चादरी ठोकताना त्याला वाटलं होतं, आता इथे शांतता मिळेल. शेजारच्या यंत्रमागांनी ती कधी मिळू दिली नाही.

आज मात्र ती हवीच होती. समोर सिद्धप्पामामा बसले होते. हातात सुंदरी, सनईची धाकटी बहीण, हातभरसुद्धा नसलेली. मामांचे पुढचे दात उद्या काढायचे होते. दात गेले की ओठांना आधार राहत नाही, ओठांत धरलेल्या वेताच्या पत्तीवरची फुंक निसटते. हा आवाज आजचाच होता.

एजाजने आधी महागडा कंडेन्सर माईक सुंदरीच्या तोंडाशी आणला. सूर सुईसारखा कानात घुसला आणि मागांची खडखडही तितकीच स्पष्ट आली. मग लग्नातला गाण्याचा माईक लावला. खडखड गेली, पण मामांचा श्वासही गेला. सुंदरी डब्यात कोंडल्यासारखी वाजू लागली. कॉलरचा छोटा माईक सुंदरीलाच चिकटवला, तर बोटांची टकटक सुरांच्या वर.

"कपाळ माझं!" एजाज म्हणाला.

त्यात मामा स्थिर बसेनात. जन्मभर लग्नांत वाजवलेलं. जो समोर येईल त्याच्याकडे सुंदरी वळवायची, झुकवायची, मुजरा करायचा. दाराच्या काचेतून एजाजची बायको सायराबानू डोकावली, की सुंदरी तिच्याकडे. माईक राहिला बाजूला.

"मामा, हलू नका की!"

"बरं."

मामा खांबासारखे बसले. सूरही खांबासारखा झाला.

"हे काय वाजवताय?"

"तू सांगितलास तसं. समोर माणूस न्हाय, मुजरा कुणाला करू? ह्या लोखंडी दांडीला?"

एजाज उठला, गल्ली ओलांडून गेला आणि मागवाल्याच्या हातापाया पडून थोडा वेळ माग बंद करवले. परत येऊन कंडेन्सर दोन हात लांब, जरा उंचावर नेला. सायराबानूला आत पिटाळलं. हेडफोन चढवून माईकच्या बरोबर मागे स्वतः उभा राहिला.

"हं. मी आलो. करा मुजरा."

"नवरदेव, हस की जरा! सुतकी तोंडानं उभारलाय."

मग सुंदरी वाजली. वर गेली, थरथरली, वळली तीही माईकमागच्या एजाजकडेच. फुंक भरतानाचा श्वास, पत्तीवर ओठ आवळल्याची किंचित चाहूल, खोलीभर फिरून आलेला सूर, सगळं कानात उतरत होतं. शेवटी सुंदरी एजाजपुढे खाली झुकली.

"वाहवा!"

सकाळपासून बायकोला, गल्लीला, मामांना गप्प करणारा एजाजच ओरडला होता.

पुन्हा वाजवणं शक्य नव्हतं. मामांच्या हिरडीतून रक्त येत होतं. पलीकडे माग सुरू झाले होते. एजाजने ती वाहवा कापून पाहिली, तर शेवटचा सूरही तिच्याबरोबर जात होता. चरफडत त्याने ती तशीच ठेवली.

दात काढून झाल्यावर मामा तोंडाला रुमाल लावून ऐकायला आले. शेवटी दचकले.

"ह्यो मदीच कोण वराडला रं?"

"मीच!" एजाज खेकसला.

मामांनी बोटानेच खूण केली, पहिल्यापासून लाव.