उलट्या पिळाची गाठ

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. ऑफिसात कुणी म्हणालं की "मागच्या जिन्यावर कुणीतरी उभं असतं", तर मी म्हणायचे — असेल तर त्याला हजेरीवर घ्या, तशीही माणसं कमी आहेत! अजूनही मी स्वतःला तसलीच समजते. पण जे झालं ते पोटात ठेवून बसले तर वेड लागेल, म्हणून लिहितेय. हसायचं तर हसा.

मी कोल्हापुरात टपालाच्या एका सॉर्टिंग ऑफिसात आहे. राहायला उचगावला. लग्न केलं नाही. आई, धाकटा भाऊ सतीश, त्याची बायको रेश्मा आणि मी, असं आमचं घर. ऑफिसात आजूबाजूच्या पोस्टांतून टपालाच्या बॅगा येतात. बॅगेचं तोंड दुमडून सुतळीने करकचून बांधलेलं, गाठीवर सील, आणि कुठून कुठे जायची त्याचं लेबल. आता लेबलवर बारकोड आलाय, स्कॅन केला की नोंद होते. सुतळी मात्र आमच्याकडे अजून सुतळीच आहे. आणि बॅग उघडताना नियम असा, की गाठ सोडायची नाही. सुतळीचा एकच पदर कात्रीने कापायचा आणि गाठ, सील, लेबल एकत्र तसंच ठेवायचं. आत काही कमी निघालं तर तोच पुरावा असतो. इतकी वर्षं हे काम केल्यावर गाठ बघून माणूस ओळखता येतो. कुणी सैल बांधतं, कुणी घरचा राग सुतळीवर काढतं.

सतीश आमच्याकडेच रोजंदारीवर बॅगा बांधायचा. मीच शिकवलं होतं त्याला. पण पठ्ठ्या डावखुरा... मी समोर बसून उजवा पीळ दाखवायचे आणि हा डावा घालायचा. वर उरलेलं टोक मागे वळवून वेढ्याखाली दोनदा खुपसायचा. बॅगा उघडायच्या टेबलावरचे माझे जोडीदार, इंगळेमामा, त्याला ओरडायचे, "सत्या, गाठ मारलीस का कुलूप लावलंस रं?"

हा दात काढायचा. "मामा, सुटाय नगं म्हणून तर बांधत्यात की!"

त्या पावसाळ्यात पाणी फार चढलं. सतीशची सासुरवाडी शिरोळ तालुक्यात, नदीकाठाला. सासू-सासरे घर सोडायला तयार नव्हते, म्हणून त्यांना आणायला हा गाडीवरून निघाला. रेश्मा दारातून म्हणाली, "फोन करत ऱ्हावा." तो म्हणाला, "व्हय व्हय." सासू-सासऱ्यांना लोकांनी बोटीतून बाहेर काढलं, पण हा त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. पाणी ओसरल्यावर रस्त्याकडेच्या एका गोठ्यापाशी गाडी सापडली. व्यवस्थित स्टँडवर लावलेली. छावण्या झाल्या, दवाखाने झाले, पोलीस स्टेशनच्या पायऱ्या झिजवल्या... तो गेला असं कुणी म्हणेना, आणि आहे असंही कुणी म्हणेना.

पुढे बऱ्याच महिन्यांनी, एका सकाळी मी लेबलं स्कॅन करत होते आणि मामा बॅगा उघडत होते. त्यांची कात्री थांबली.

"पोरी, हिकडं ये जरा. ही सत्याची गाठ हाय."

मी बघितलं. डावा पीळ. टोक मागून दोनदा खुपसलेलं. मी बॅग जवळ ओढली. लेबल पन्हाळ्याकडच्या एका गावचं होतं. तिथे फोन लावला तर तिकडचा माणूस म्हणाला, "बॅग मीच बांधलीया मॅडम. का वो? काय कमी हाय का आत?"

काहीच कमी नव्हतं. लेबल बरोबर, वजन बरोबर, सील शाबूत. कमी असतं तर निदान चौकशी तरी लागली असती.

मग अशा गाठी येतच राहिल्या. कधी पन्हाळ्याकडून, कधी शिरोळकडून, दर वेळी वेगळ्याच पोस्टातून. काम झालं की प्रत्येक गाठ मी पर्समध्ये टाकायचे. सुट्टी आली की त्या गाठी आणि सतीशचा फोटो घेऊन त्या त्या गावी जायचे. रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना थांबवून फोटो दाखवायचे. शिरोळकडच्या एका पोस्टात पोस्टमास्तरांनी "या पावणं" म्हणून चहा दिला आणि माझ्यासमोर बॅग बांधून दाखवली. पीळ उजवा. माझ्या पर्समधली गाठ त्यांनी उलटसुलट करून बघितली.

"ह्याला डावा हात लागतोय बाई. आमच्यात डावखुरं कोणच न्हाय."

आमचे साहेब भला माणूस. म्हणाले, "अहो, गाडीत बॅगा आपटतात, सुतळी सरकते." मी म्हटलं, साहेब, आपटून गाठ सुटते, दोनदा खुपसली जात नाही. आणि वाटेत कुणी पुन्हा बांधली म्हणावं, तर सील कसं शाबूत राहील?

मला काय, बुडत्याला काडीचा आधार. मी घरात ठणकावून सांगितलं की तो आहे, कुठेतरी आहे, बॅगा बांधतोय. डोक्याला मार लागला असेल, नाव विसरला असेल, पण हात विसरला नाही. आई सुरुवातीला हरखली. रोज त्याच्या वाटणीची भाकरी झाकून ठेवायची. पण दिवस जायला लागले आणि घरात गाठीच येत राहिल्या, माणूस येईना. शेवटी रेश्माच बोलली.

"आक्का, कपाळाला कुकू लावताना रोज हात थांबतोय माझा. तुमच्या सुतळ्या बघून मी किती दिस काढू?"

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिथूनच म्हणाली, "दारात पाय वाजला की जीव वर येतोय गं. आता न्हाय सोसत. त्येला वाटंला लाव."

मी भांडले. जिवंत माणसाचे दिवस घालता का म्हणाले, जेवायची थांबले, रेश्माला नको ते बोलले. पण आई खरोखर झिजत चालली होती. अंग सापडलं नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. गुरुजींनी तोच विधी सांगितला. अग्नी द्यायला दुसरं कुणी नव्हतं, तो माझ्याच वाट्याला आला.

सकाळची वेळ होती, पंचगंगेच्या घाटावर लख्ख ऊन. आम्ही तिघी, गुरुजी आणि इंगळेमामा, एवढेच. गुरुजींनी आमच्यादेखत दर्भ जुळवला, दोऱ्याने कमरेपाशी आवळला, वर पांढरं फडकं घातलं. मग मंत्र झाले. अग्नी द्यायच्या आधी त्यांनी मला शेवटचं दर्शन घ्या म्हणून सांगितलं आणि फडकं बाजूला केलं.

कमरेच्या दोऱ्याला डावा पीळ होता. टोक मागून दोनदा खुपसलेलं.

मामांनीही बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. मी गुरुजींना विचारलं, ही गाठ तुम्ही मारली? ते गोंधळले. म्हणाले, "मी साधीच मारली होती हो..." मध्ये तिथे कुणी आलं नव्हतं. पुतळ्यावरून माझी नजर हलली नव्हती, हे मी कुठल्याही देवापुढे सांगेन.

माझा हात आपोआप पर्समध्ये गेला. कात्री असतेच. एकच पदर कापायचा आणि गाठ ठेवून घ्यायची, एवढंच डोक्यात होतं. आईने मनगट धरलं. तिच्या हातात इतकं बळ राहिलंय हे मला माहीत नव्हतं.

"तोडू नगंस," ती म्हणाली. "त्येनं सोत्ता बांधलीया न्हवं? मग तू का सोडतीस?"

मी ओरडले, "आई, अगं तो असेल गं!"

आई रडली नाही. माझं मनगटही सोडलं नाही. मी अग्नी दिला. सगळ्यात आधी दोरा जळाला.

त्या दिवसापासून तशी गाठ आलेली नाही. एकही नाही. आई आता दोन घास जेवते, पाय वाजला तरी उठत नाही. रेश्मा शिवणाच्या क्लासला जाते. दोघी म्हणतात, सुटला बिचारा. जुन्या गाठी माझ्याकडे डब्यात आहेत, मामांना कधी दाखवल्या तर तेही मान डोलावतात, म्हणजे मला भास झाला असंही नाही. मग ते काय होतं? तो जिवंत होता आणि माझ्या हाताने मी त्याला बंद करून टाकलं? की तो कधीचाच गेला होता, आणि मीच त्याला गावोगाव फिरवत ठेवलं होतं? मला माहीत नाही. कुणाला विचारू तेही माहीत नाही. कामावर प्रत्येक बॅगेची गाठ आधी उलटून बघते, मगच कात्री लावते.

तुमच्यापैकी कुणी टपालात असाल, कुठल्याही गावचे, तर एवढंच करा. डाव्या पिळाची, टोक मागून दोनदा खुपसलेली गाठ दिसली तर कापू नका हो. तिथेच थांबा आणि मला कळवा. मी येते.