ओर्तेन्सिया मावशीने देवाला निरुत्तर केलं

माझी ओर्तेन्सिया मावशी अक्षरं शिकली ती मेंढ्यांमागे. तिच्या वडिलांकडे पुठ्ठा नसलेलं एक जाडजूड पुस्तक होतं, जुन्या रोमन देवादिकांच्या कवितांचं. कोण पक्षी झाला, कोण दगड झाली, कोणाचा झरा झाला. मावशीला ते सगळं तोंडपाठ होतं आणि ती त्याबद्दल बोलायची ती खालच्या आळीतल्या बातम्या सांगितल्यासारखी. देवांच्या राजाचं नाव निघालं की म्हणायची, "मेला बाहेरख्याली! बायको एवढी भांडते ती उगीच नाही."

तिचा नवरा क्विरिनोकाका आमच्या मोंतेसोर्दो गावचा कवी. इटलीतल्या आमच्या आब्रुत्सोच्या डोंगरात धनगरांच्या कवितांचे सामने होतात. दोघांनी समोरासमोर उभं राहून जागच्या जागी रचायचं आणि गायचं. समोरच्याची शेवटची ओळ जिथे संपेल, तिथेच यमक जुळवून आपली पहिली ओळ सुरू करायची. गप्प राहिला तो हरला. काकाचा आवाज खणखणीत होता, पण गोष्टी त्याला घरूनच मिळायच्या. आदल्या दिवशी मावशी चीज गाळता गाळता त्याला सगळं सांगायची आणि तो म्हणायचा, "हे मला माहीतच होतं."

त्या वर्षी ऑगस्टच्या जत्रेत, दुपारच्या प्रार्थनेनंतर, पाद्री साबातिनोंनी टोपीतून चिठ्ठी काढली : सूर्यदेव आणि नदीची मुलगी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. देव मागे लागतो, पोरगी पळते आणि आता सापडणार तेवढ्यात तिचं तमालपत्राचं झाड होतं. देव झाला क्विरिनोकाका. मुलगी व्हायचं होतं शेजारच्या गावच्या मिशाळ पान्फिलोला. त्याने घसा ओला करायला वाइनचा पेला तोंडाला लावला. पेल्यात गांधीलमाशी होती.

ओठ असा सुजला की पान्फिलोला स्वतःचं नावही सांगता येईना.

"मग मी जिंकलो!" काका म्हणाला आणि तरीही हौसेने गाऊन मोकळा झाला. शेवटी हात पसरून :

"थांब गं पोरी, देव मी, सोन्याचा माझा रथ,
माझ्यासाठी मोकळा हा आकाशाचा पथ!"

चौकावरच्या सज्जात मावशी शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर न करता आवाज लावला :

"मुलीने नको म्हटल्यावर कसला देव नि कसला रथ?"

सगळा चौक वर बघायला लागला. काका ओरडला, "ए, आत जा! बायका मंचावर येत नाहीत!"

"मी कुठे मंचावर आहे? मी माझ्या घरात आहे."

पाद्री साबातिनोंनी गंभीरपणे निवाडा दिला, "सज्जाबद्दल नियम नाही. म्हण, ओर्तेन्सिया."

ती उठून कठड्याशी आली. अंगावरची टरफलं खाली पान्फिलोच्या डोक्यावर पडली. सात ओळी तिने भराभर म्हटल्या आणि शेवटी :

"झाड होईन, सुटेल तरी चुलीपुढचा धूर,
मोजे धुवायला दुसरी शोध, गाव नाही दूर!"

बायका तर बाकांवर उभ्याच राहिल्या. काकाने तोंड उघडलं. त्याला एकच शब्द सुचला, 'सूर', आणि नेमका तोच लागेना. पाद्री साबातिनोंनी दहापर्यंत मोजलं आणि बक्षिसाचा बोकड सज्जाखाली नेऊन बांधला.

दोन दिवस काका फक्त मेंढ्यांशी बोलला. तिसऱ्या दिवशी जेवताना चमचा ठेवून म्हणाला, "'धूर'ला आणखी काय जुळतं गं?"

"'आतुर' होतं की. देव आतुर झालेला असतो."

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा मी झाड होते."

तो आधी चिडला, मग एवढा हसला की त्याला ठसका लागला.

पुढची अकरा वर्षं ती दोघं गावोगावच्या जत्रांत जोडीने उभी राहिली. मागे लागणारा नेहमी तो, पळणारी नेहमी ती. "मीच शिकवलं तिला," असं तो सगळ्यांना सांगायचा आणि ती सांगू द्यायची. शेवटी शेवटी त्याला कमी ऐकू येऊ लागलं. तेव्हापासून ती त्याच्या डाव्या हाताला, चांगल्या कानाशी उभी राहायची आणि आपल्या ओळीचा शेवटचा शब्द दोनदा म्हणायची.