तीन वर्षांची चव

पावाला चव लागली तशी पुरिंग चावायची थांबली.

चव लागायला नको होती. भट्टीतून निघालेला पहिला पाव गेलेल्या माणसांचा. तो पांढऱ्या बशीत भट्टीच्या तोंडाशी ठेवायचा, शेजारी कॉफीचा कप. याला आतांग म्हणतात. कॉफी थंड होईपर्यंत बासियांग मावशी त्या पावातली चव घेऊन जायची. भट्टी तिचीच, तिच्यामागे ती पुरिंग चालवत होती. मावशीला मातीत ठेवून अकरा वर्षं झाली, तरी बशीतला पाव रोज फिका पडायचा. मीठ नाही, साखर नाही, भुसा चावल्यासारखा. पाव फिका पडला म्हणजे मावशी येऊन गेली, आणि उरलेल्या पावांना तिचा हात लागला. नदीकाठच्या त्या गावात याचं कुणाला नवल नव्हतं. बाईच्या हाताला यश आलं की लोकांना त्यात दुसऱ्याच कुणाचा तरी हात दिसतो. इथे तो मेलेल्या बाईचा होता, आणि सगळ्यांत आधी तो पुरिंगलाच दिसला होता.

ज्याने आतांग ठेवला त्याने तो खायचा नाही, एवढा एकच नियम. म्हणून तो लाकडं आणणारा तेमियो खायचा, ज्याला पुरिंग मनोंग, म्हणजे दादा, म्हणायची. चिंचेची लाकडं गाडीतून उतरवून झाली की तो मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसायचा, घास चावायचा आणि म्हणायचा, "फिका." मग पुरिंगच्या जिवात जीव यायचा आणि ती पुढचं दार उघडायची. अकरा वर्षं हेच चाललं होतं.

आज गावच्या संताचा सण. मिरवणुकीसाठी सहाशे पाव हवे होते आणि आजच तेमियोची गाडी नदीच्या वाळूत रुतली. कॉफी केव्हाच थंड झाली. पुरिंगला राहवलं नाही. तिने चिमूटभर पाव तोडून तोंडात टाकला.

आत मऊ, कडेला खरपूस. आधी मीठ, मागून साखर. जीभ फसवत असेल म्हणून तिने चूळ भरली आणि पुन्हा चिमूटभर खाल्ला. तेच.

बाहेर रांग लागली होती. सगळ्यांत पुढे मनांग कोर्डिंग, म्हणजे कोर्डिंगताई, जिची तिखट जीभ गावात सगळ्यांना माहीत. ती दारावर थाप मारून म्हणाली, "काय गं, मावशीला उठवायला विसरलीस का आज?"

पुरिंगने पाण्याची घागर उचलली. मावशी यायची थांबली की भट्टी विझवीन, हे ती शंभर वेळा बोलली होती, आणि बोललेलं गिळणारी ती नव्हती. सहाशे माणसांच्या हातात आपला पाव द्यायचा? आपल्याला येतं काय? लाटणं, मळणं, घाम गाळणं. बाकी सगळं मावशीचं.

तेवढ्यात तेमियो मागच्या दाराने आत आला. गुडघ्यापर्यंत चिखल.

"घागर कशाला?"

"मनोंग, मावशी आली नाही."

त्याने बशीकडे पाहिलं. "तू खाल्लास?"

"खाल्ला. चव आहे त्याला."

"असणारच," तेमियो खाली बघत म्हणाला. "तीन वर्षं आहे."

घागर तिच्या कमरेवर तशीच राहिली. आपण काय ऐकलं ते तिला कळेना.

"पूर येऊन गेला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा चव लागली," तो म्हणाला. "सांगणारच होतो. तर तू समोर ओलं फडकं पिळत उभी. म्हणालीस, मावशी गेली तर भट्टी विझवून मनिलाला भावाकडे निघून जाईन. माझ्या तोंडून फिका असंच निघालं."

"आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी?"

"तेव्हाही तू उभी होतीसच."

"म्हणजे तीन वर्षं तू माझ्या तोंडावर खोटं बोललास. रोज."

"रविवारीसुद्धा."

"आणि आधीची आठ वर्षं?"

"तेव्हा खरं बोलत होतो. भुसाच होता."

"मग खात कशाला होतास? लाकडं टाकायची आणि चालू लागायचं."

तेमियोचे कान लाल झाले. "उंबरा चांगला आहे," तो म्हणाला.

घागर भट्टीत रिकामी करावी की याच्या डोक्यावर, हे पुरिंगला ठरवता येईना. तीन वर्षं. कोर्डिंगच्या मुलीच्या लग्नातले पाव. पाद्रीबाबांनी दोनदा मागून नेलेले पाव. बासियांगचा हात म्हणत लोकांनी बोटं चाटली ते सगळे. तिने घागर खाली ठेवली.

तिने पुढचं दार उघडलं.

"आली का बासियांग?" कोर्डिंगने विचारलं.

"नाही. तीन वर्षं झाली, ती येत नाही."

 रांगेत मागे कुणीतरी छातीवर क्रूस काढला. कोर्डिंगचं तोंड उघडंच राहिलं, आणि ते गावाने कधी बंद पाहिलं नसलं तरी असं गप्प पहिल्यांदाच पाहिलं.

"मग आम्ही खात होतो तो पाव कुणाचा?"

पुरिंगने हाताचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "माझा."

स्वतःच्या कानांनी तो शब्द ऐकून तीच दचकली.

कोर्डिंगने तिला वरपासून खालपर्यंत नव्याने पाहून घेतलं. "असू दे. माझे वीस बांध. उभं राहून पाय मोडले."

पहिल्या घाण्याचे पाव वाटून पुरिंग आत आली. तेमियो उंबऱ्यावर टेकला होता, उठून जायचं की बसायचं हे न कळून. तिने बशीतला उरलेला पाव त्याच्यासमोर धरला.

"खा, तेमियो. आता खरं सांग."

अकरा वर्षांत तिने त्याला मनोंग म्हटल्याशिवाय हाक मारली नव्हती. दोघांच्याही ते लक्षात आलं. त्याने घास सावकाश चावला, गिळला, थोडा विचार केला.

"मीठ जरा कमी आहे."

 आजवर तिच्या पावाला कुणी नावं ठेवली नव्हती. कसं ठेवणार? तो तिचा होताच कुठे?

दुसऱ्या काथवटीतल्या पिठात अजून मीठ पडायचं होतं. तिने मिठात हात घातला आणि भरलेली मूठ त्याच्यापुढे उघडली.

"किती?"