तिच्या नावापुढचं ‘डॉ.’

कुसुमला माती दिली त्याला आता वर्ष होत आलं. तेव्हापासून पुष्कळ माणसं घरी येऊन बसली, तिच्याबद्दल बोलली, माझ्याबद्दलही बोलली — चांगलंच बोलली. मी ऐकून घेतलं. आता जे सांगणार आहे ते त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक नाही. कुसुमलाही नव्हतं. ती ते न कळताच गेली, आणि ती गेल्यावर माझ्या मनात जे पहिले विचार आले, त्यांत एक हाही होता — बरं झालं, कळलं नाही. तेव्हा पुढचं वाचताना माझ्याबद्दल फार चांगलं मत ठेवू नका.

कुसुम माझी बायको, आणि गोंदियातल्या आमच्या मंडळीची, म्हणजे छोट्याशा चर्चची, पाळक. तांदळाच्या गिरणीमागचा एक हॉल, जमिनीवर सतरंज्या. दाराशी कुणी कुणाला जात, जुना धर्म, नवरा कुठं असतो, असलं काही विचारत नसे. बौद्ध घरांतली माणसं यायची. जंगलपट्ट्यातली, आपला देव घरी तसाच ठेवून इथं गाणी म्हणायला येणारी माणसं यायची. दुसऱ्या चर्चनं दारातून परत पाठवलेली एक तृतीयपंथी पुढच्या ओळीत बसायची. कुसुम सालेकशाकडची, दहावी शिकलेली. मी शाळेत मराठी शिकवायचो, एम. ए., पीएच. डी.ला नाव नोंदवलेला. विषय झाडीबोली, तिच्या माहेरची भाषा. शब्द सगळे बायकोला विचारून घेतलेले. प्रबंध पुरा झाला नाही.

पाळकीण म्हणजे पाळकाची बायको, असंच आपल्याकडं समजतात. कुसुमला सगळे पाळकीणबाई म्हणत. त्यामुळं नवी माणसं हॉलमध्ये आली की माझ्याकडं वळत, हात जोडत — “पाळकसाहेब, प्रार्थना करा.” चूक दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते म्हणायचो, पण जरा थांबून. त्या थांबण्यात मला काय मिळत होतं? तुम्ही ओळखलं असेलच.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. आमच्यासारख्या खुल्या मंडळ्यांचा एक संघ होता. त्यानं ठरवलं की वर्षानुवर्षं सेवा केलेल्या पाळकांना मानद डॉक्टरेट द्यायची. आमच्याकडून कुसुमचं नाव सुचवा, असा निरोप आला. तिनं तो ऐकला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून म्हणाली, “का जी, मायले सांगू का?” तिची आई तेव्हा होती, सालेकशाला.

त्या असल्या पदव्यांची मला शिसारी होती, आजही आहे. शेजारच्या गावातला एक पाळक कुठूनशी अशी पदवी घेऊन आला होता. काळा झगा, गोंड्याची टोपी, चौकात फ्लेक्स. अंत्यविधीच्या वेळीसुद्धा, पेटी खड्ड्यात उतरत असताना, कुणी ‘पास्टर’ म्हटलं तर ‘डॉक्टर म्हणा’ म्हणायचा. त्या झग्याला डांबरगोळ्यांचा वास येई. आपल्या हातानं आपल्याच गळ्यात हार घालायचा आणि वर टाळ्याही आपणच वाजवायच्या — विद्यापीठ नाही, परीक्षा नाही, वाचन नाही. आणि जिथं सगळे एका सतरंजीवर बसतात तिथं एकाला खुर्ची कशाला?

मंडळीच्या बैठकीत मी हेच बोललो. चांगलं बोललो. मुद्दा मला आजही बरोबर वाटतो, आणि नेमकी त्याचीच किळस येते. धुतलेलं स्वच्छ कापड घ्यावं आणि त्यानं मोरी पुसावी, तसं मी त्या मुद्द्याचं केलं.

मत्सर — एवढंच कबूल करायचं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. अपुऱ्या प्रबंधाचा नवरा आणि डॉक्टर होणारी बायको. यात नवीन काय आहे? ‘डॉ.’ लागल्यावर कुणी मला पाळकसाहेब म्हणालं नसतं, हेही त्यात होतं. पण ते मनात होतं. मनातलं मनातच राहिलं असतं तर निभावलं असतं.

त्या बैठकीला कुसुम नव्हती. सालेकशाकडं एका म्हाताऱ्याच्या मातीला गेली होती. माझं बोलणं सुरू व्हायच्या आधी मेश्रामभाऊ — रेल्वेतून निवृत्त झालेले, मंडळीचे अध्यक्ष — हसत म्हणाले, “सर, तुमच्या घरात तुमच्याच्यानं तर जमलं नाही. आता बाईले तरी होऊ द्या डॉक्टर. घर का मामला है.”

सगळे हसले. फुलवंताबाई पदर तोंडाला लावून हसली. ती मोहफुलं वेचणारी, कुसुमच्याच गावाकडची, तिची लहानपणापासूनची मैत्रीण. कुणाच्याही हसण्यात विष नव्हतं. मीही हसलो. मग बोललो, आणि बोलणं लांबलं. शेवटी मेश्रामभाऊ म्हणाले, “ठीक आहे, बाईलेच विचारू.”

कुसुम शेवटच्या गाडीनं आली. पाय धुताना तिनं विचारलं, “का झालं मिटिंगमदी?”

मी म्हणालो, “काही नाही. लोक हसले.”

“कायले?”

“तुझ्या बोलण्याला. ‘जाऊन राहिली, करून राहिली’ म्हणणारी बाई डॉक्टर होणार म्हणे.”

ती पाय धुवायची थांबली. “कोन हासला?”

“सगळेच.”

“फुलवंता पन?”

“होती ती. हसली.”

पाहिलंत? यातला शेवटचा शब्द खरा आहे. फुलवंताबाई हसलीच होती. हसणं खरं, लोक खरे; फक्त हसले होते ते माझ्यावर. मी ते हसणं उचललं आणि बायकोच्या अंगावर टाकलं. विचार करायला वेळसुद्धा लागला नाही. जीभ किती तयार होती — जणू कधीपासून वाटच पाहत होती.

पुढच्या रविवारी कुसुम उभी राहिली आणि म्हणाली, “मले — मला ती पदवी नको.” टाळ्या पडल्या. किती नम्र, म्हणाले. त्या ‘मले’पाशी ती अडखळली, ते माझ्याशिवाय कुणाच्या कानात राहिलं असेल?

त्याआधी कुसुमचे संदेश कसे असत ते तुम्हाला सांगायला हवं. ती सतरंजीवर लोकांमध्येच बसून बोलायची. “देव तुले इचारत नाही, कोनाचा, कुठचा. तो एवढंच म्हणते — भूक लागली का?” बायका मध्येच उत्तर द्यायच्या, ‘लागली ना वो बाई’, आणि हॉलभर हशा. असं बोलणं मी पुन्हा कुठं ऐकलं नाही. पदवीनंतर — म्हणजे न घेतलेल्या पदवीनंतर — तिनं मला विचारलं, “तुम्ही लिहून देता का संदेश? शुद्ध?”

मी लिहून दिले. एक-दोन नाही, ती आजारी पडेपर्यंत, वर्षानुवर्षं. ‘ईश्वरी करुणेची व्याप्ती’ अशी सुरुवात असलेले. ती उभी राहून ओळीखाली बोट धरून वाचायची. जोडाक्षरं चुकू नयेत म्हणून आदल्या दिवशी माझ्याकडून घोकून घ्यायची. लोक मान खाली घालून ऐकत, मग मुलं चुळबुळत, मग मोठी माणसं. आणि मी भिंतीला टेकून बसलेला — माझे ओठ तिच्याबरोबर हलत असत. ते आठवलं की आज तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. मला ते आवडत होतं. तिच्या तोंडून मीच पाळक झालो होतो.

हे थांबवायला काय लागलं असतं? ‘कुसुम, ते तुला हसले नव्हते.’ एवढंच. ते रोज माझ्याजवळ होतं — जेवताना होतं, तिच्या औषधांच्या वेळी होतं, शेवटी दवाखान्यात ती माझ्याकडं नुसतं पाहत पडून राहायची तेव्हाही होतं.

मातीनंतर हॉलमध्ये शोकसभा झाली. मेश्रामभाऊ थकलेत आता, पण बोलायला उभे राहिले. म्हणाले, सरांनी बाईंना मोठेपणाच्या मोहातून वाचवलं, असं तत्त्वाचं जोडपं आम्ही पाहिलं नाही. मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं असेल.

सभा संपल्यावर फुलवंताबाई जवळ आली. खाली बसली. म्हणाली, “सर, एक इचारू? बाई आधी आमच्यावानी बोले. मंग पुस्तकावानी काऊन बोलू लागली? अन् मायाशी तर बोलनंच सोडलं तिनं. भेटली का नुसती हासे. माया हातून का चुकलं होतं जी?”

ती खरोखर विचारत होती. इतकी वर्षं तिनं ते बाळगलं होतं, आणि उत्तर देऊ शकणारा मी एकटाच उरलो होतो.

मी म्हणालो, “काही नाही, बाई. आजारपणामुळं. शेवटी शेवटी तिला माणसं नकोशी झाली होती.”

फुलवंताबाईनं डोळे पुसले. “असंन,” म्हणाली, आणि माझ्या पाया पडून गेली.