टायमरवालाच पाहिजे

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. पण त्या वर्षी दिवाळीपासून नाताळापर्यंत मी जी अडून बसले, ती काही रागाने नव्हे. घरात व्हीसीआर येणार असेल तर तो टायमरवालाच पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं, आणि ते एकालाही पटत नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती ती. मी गिरीजला आई-बाबांजवळ राहून वसईतल्या शाळेत शिकवत होते आणि दादा, माझा थोरला भाऊ, मस्कतला नोकरीला होता. नाताळाच्या सुट्टीला आखातातून येणारा प्रत्येकजण विजेवर चालणारं काहीतरी खोक्यातून घेऊन यायचाच. त्या साली सगळ्यांना वेड लागलं होतं व्हीसीपीचं. त्यात भाड्याची कॅसेट घालायची आणि सिनेमा बघायचा, बस्स. व्हीसीआर म्हणजे त्याचा मोठा भाऊ. तो कॅसेट तर दाखवायचाच, शिवाय टीव्हीवर लागलेला कार्यक्रम कॅसेटवर उतरवून ठेवायचा. टायमर असला तर घरात कुणी टीव्हीसमोर नसतानासुद्धा ठरल्या वेळी आपला आपण सुरू व्हायचा.

आता मला हा टायमर कशाला हवा होता? बाबांसाठी.

आमची केळीची वाडी. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून त्यांची सुकेळी करायची आणि केळीच्याच सुक्या पानात बांधून विकायची, हा आमच्याकडचा पिढीजात उद्योग. तर त्या पावसाळ्यानंतर मुंबईच्या टीव्ही केंद्रातली माणसं शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी सुकेळ्यांचं शूटिंग करायला आली, ती नेमकी आमच्या वाडीत. मी शाळेत होते. संध्याकाळी घरी येऊन बघते तर बाबा इस्त्रीचा सदरा घालून ओटीवर बसलेले आणि आई चिडलेली. "बोलवत होते मलापण," ती म्हणाली. "मी कशाला जाते त्या डब्यासमोर? चहा केला, दिला, मोकळी झाले." बाबांना विचारलं, काय काय बोललात? तर म्हणे, "काय बोलायचं? केळ्यांचं बोललो."

कार्यक्रम दाखवणार होते नाताळानंतर, आणि घोडं अडलं ते इथेच. शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागायचा संध्याकाळी, आणि तीच आमच्या प्रार्थनेची वेळ. चर्चची घंटा झाली की हातातलं काम टाकायचं, घरातल्या आल्तारासमोर गुडघे टेकायचे आणि जपमाळेची प्रार्थना सुरू. पाहुणा आलेला असो, ताप असो, सूट नाही. या बाबतीत आमची आई फादरांपेक्षा कडक. मी एकदा चाचपून पाहिलं. "आई, त्या एका दिवशी प्रार्थना अर्धा तास पुढे ढकलली तर?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तांदूळ निवडायला घेतले.

बाबा मात्र साळसूद. "मला काय करायचंय बघून? मी काय मला ओळखत नाही?" म्हणायचे आणि वाडीत निघून जायचे. पण दर दोन दिवसांनी, नखं काढता काढता किंवा विडी शिलगावता शिलगावता, सहज आठवल्यासारखं विचारायचे, "दादाने काही कळवलं का गं त्या मशीनचं?" आयुष्यात स्वतःसाठी एक चांगली छत्री न मागितलेला माणूस! म्हटलं, काहीही होवो, बाबांना स्वतःला टीव्हीवर बघायला मिळालंच पाहिजे.

दादाने कळवलं की सगळे व्हीसीपीच आणतात, हलका असतो, कस्टमवाले त्रास देत नाहीत. मावशी म्हणाली, मशीन घेताय तर निदान लग्नाच्या कॅसेटी चांगल्या दिसतील असं घ्या. मावसभाऊ स्वतःला यातला मोठा जाणकार समजायचा. तो म्हणाला की घ्यायचं तर बीटा जातीच्या कॅसेटचंच मशीन घ्या, चित्र कसं काचेसारखं दिसतं. मी म्हटलं, अरे, अख्ख्या वसईत बीटाची कॅसेट भाड्याने मिळते कुठे? काच काय चाटायची आहे? मग तो व्हीएचएसवर, म्हणजे सगळीकडे मिळणाऱ्या कॅसेटवर आला, पण रेकॉर्डिंग कशाला लागतं, हे त्याचं चालूच.

शेवटी एका शनिवारी त्यालाच घेऊन मी मुंबईला गेले, मशीनं डोळ्यांनी बघून यावी म्हणून. फोर्टातल्या दुकानात रांगेने मांडून ठेवली होती. प्रश्न मी विचारायचे आणि विक्रेता उत्तरं मावसभावाला द्यायचा. "टायमर दाखवा," मी म्हटलं. "बाई, टायमर कुणी वापरत नाही," असं तो मावसभावाकडे बघत म्हणाला. "मी वापरणार आहे," मी म्हटलं, "आणि मी इथे आहे, या बाजूला." मावसभाऊ पंख्यांच्या किमती वाचायला लागला. पण विक्रेत्याने टायमर दाखवला, हे खरं. आधी घड्याळ लावायचं, मग चॅनल, मग सुरू व्हायची वेळ, मग थांबायची वेळ, आणि शेवटी एक बटण दाबून मशीन झोपवून ठेवायचं. वेळ झाली की ते आपलं आपण उठतं. ते बघून मला इतका आनंद झाला की येताना मी मावसभावाला मसाला डोसा खायला घातला.

दादाला मी ठणकावून कळवलं: व्हीएचएस, आपल्याकडचा टीव्ही पकडणारा, टायमरवाला. यातलं एक जरी कमी असलं तर आणूच नकोस. बिचाऱ्याने मुकाट्याने आणला. येताना विमानतळावर त्याला बरंच ताटकळावं लागलं, त्याबद्दल तो पुढची कितीतरी वर्षं मला ऐकवत होता. नाताळ झाला, चार सिनेमे बघून झाले, दादा परत गेला आणि मशीन माझ्या ताब्यात आलं. टीव्हीच्या खालच्या फळीवर ते ठेवलं. आईने टीव्ही आणि मशीन दोघांना पुरेल असं नवं क्रोशाचं कापड विणलं. कबूल करायला हवं, छान दिसत होतं.

मग केंद्रातून कार्ड आलं, पुढच्या आठवड्यात शुक्रवारी कार्यक्रम आहे म्हणून. बाबांनी ते वाचून आल्तारावर मेणबत्तीमागे ठेवून दिलं. मी तालमीला लागले. रविवारी सकाळचा कार्यक्रम टायमरवर लावला. झक्कास उतरला. सोमवारी संध्याकाळी शेतकऱ्यांचाच कार्यक्रम लावला. प्रार्थना झाल्यावर कापड बाजूला केलं तर कॅसेट जागची हललेली नाही आणि घड्याळाच्या जागी नुसती शून्यं उघडझाप करतायत. म्हटलं, लाइट गेली असेल मध्येच. पण आल्तारावरचा विजेचा दिवा तर चालू होता! मंगळवारी पुन्हा लावलं. पुन्हा शून्यं. मी माहितीपुस्तक पहिल्यापासून वाचलं. बुधवारी पुन्हा तेच.

मग मात्र माझं डोकं फिरलं. दादाला, विक्रेत्याला, मशीन बनवणाऱ्या सगळ्या देशाला मी स्वयंपाकघरात उभी राहून शिव्या घातल्या. रविवारी सकाळी चालतं आणि संध्याकाळी मरतं, हे कसलं मशीन? आई शांतपणे भाकरी थापत होती. "बघ," ती म्हणाली, "प्रार्थनेच्या वेळी यंत्रसुद्धा थांबतं. आणि तुम्ही माणसं." तिला ते मनापासून वाटत होतं. आणि बाबा दारात उभे होते. "जाऊ दे गं," ते म्हणाले, "एवढं काय त्यात." पण त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मी उरलेल्या शिव्या गिळल्या.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, घंटा होईपर्यंत मशीनसमोरून हलायचं नाही. खुर्ची ओढून बसले. घड्याळ चालू, टायमरचा लाल दिवा चालू, सगळं व्यवस्थित. घंटा झाली. आई लुगड्याला हात पुसत बाहेर आली, जाता जाता तिने भिंतीवरच्या बोर्डाचं बटण खट्‌कन वर केलं, कापड सारखं केलं आणि आल्तारासमोर जाऊन गुडघे टेकले.

"आई!" मी अशी ओरडले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

टीव्ही घरात आल्यापासून रोज प्रार्थनेआधी ती ते बटण बंद करत होती आणि प्रार्थना संपली की चालू. मध्येच कुणाला टीव्ही लावायचा मोह नको म्हणून. इतकी वर्षं रोज करत आली की तिचं तिलाच ते कळत नव्हतं, आणि आम्हालाही दिसत नव्हतं. नव्या मशीनची वायर त्याच बोर्डावर होती. हसावं की रडावं मला कळेना. मी तिला समजावून सांगितलं. आवाज येणार नाही, चित्र दिसणार नाही, टीव्ही बंदच राहील, फक्त खालचं मशीन चालेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाही."

"अगं, पण का?"

"देवासमोर बसायचं आणि मागे ते चालू ठेवायचं? मग आपण बसतो कशाला?"

मी तोंड उघडलं होतं, आणि त्यातून काही बरं बाहेर पडलं नसतं. तेवढ्यात बाबा बोलले. हातात जपमाळ घेऊन ते गुडघ्यांवरच होते. मागे न वळता म्हणाले, "उद्या एक दिवस राहू दे चालू. माझ्यासाठी."

आई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'माझ्यासाठी' असं त्यांनी तिला कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. बहुतेक तिलाही आठवत नसावं. "बरं," ती म्हणाली. "पण कापड काढायचं नाही."

दुसऱ्या दिवशी घंटा झाली. आईचा हात सवयीने बोर्डाकडे गेला, थांबला आणि खाली आला. प्रार्थना सुरू झाली. जरा वेळाने कापडाखाली मशीन उठल्याचा बारीक आवाज झाला आणि बाबांचं 'नमो मारिया' अर्ध्यातच अडलं. माळ ओढता ओढता ते मणी चुकले. आईने डोळे न उघडता त्यांना पुढचे शब्द दिले. माझं तर प्रार्थनेत लक्ष नव्हतंच, म्हणजे होतं, पण माझी प्रार्थना वेगळी होती. बटण कुणी बंद केलं नव्हतं, तरी लाइट जाणारच नाही याची खात्री वसईत त्या काळी कोण देणार?

कपाळा-छातीवर शेवटचा क्रूस काढून झाल्यावर मी कापड उचललं. घड्याळ चालू होतं. कॅसेट पुढे सरकली होती. मी ती मागे घेतली. बाबा आरामखुर्चीत बसले आणि आई, "चूल बघते," म्हणत दाराशी उभी राहिली. मी म्हटलं, "बस गं, चूल पळून जात नाही." तेव्हा टेकली एकदाची.

आमची वाडी टीव्हीवर आली. पाटाचं पाणी, केळीचे घड, उन्हात मांडलेली सोललेली केळी, आणि मग इस्त्रीच्या सदऱ्यात, ताठ मानेने, बाबा. मला हुंदकाच आला. बाबा मात्र टीव्हीकडे बघतच नव्हते. ते तिरक्या नजरेने आईकडे बघत होते.

कार्यक्रमातल्या माणसाने विचारलं, "इतकी उत्तम सुकेळी करता, यामागचं तुमचं तंत्र काय?"

"माझं काही नाही," टीव्हीतले बाबा म्हणाले. "मी केळी लावतो, पाणी देतो, घड उतरवतो. सुकेळी माझी बायको करते. ऊन किती दाखवायचं, आत कधी घ्यायचं, ती बोटाने दाबून सांगते. मला अजून जमलेलं नाही. ती या घरात आली तेव्हा वाडी विकायला काढली होती माझ्या वडिलांनी. तिने सुकेळी केली म्हणून वाडी राहिली. पोरं शिकली तीसुद्धा त्याच्यावरच." मग त्यांनी घराकडे हात केला. "ती आत आहे, तुमच्यासाठी चहा करतेय. तिला विचारलंत तर ती काही बोलायची नाही. म्हणून मी बोलून घेतो."

मग पुन्हा केळी दिसली, बाजार दिसला, आणि दुसऱ्याच कुठल्या गावचं भाताचं काहीतरी सुरू झालं. मी टेप थांबवली. एवढे दिवस तो माणूस स्वतःचा चेहरा बघायला तळमळतोय, असं मी समजून चालले होते.

आईने पदराने नाक पुसलं. "एवढं सांगायला टीव्हीवाल्यांना बोलवावं लागलं होय?" ती म्हणाली.

"तुला घरात सांगितलं असतं," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "तर तू म्हणाली असतीस, बडबड पुरे, आधी पाण्याची मोटर बंद करून या."

"तेच म्हटलं असतं," आई म्हणाली. मग माझ्याकडे न बघताच तिने हाताने खूण केली. "मागे घे गं जरा. मला नीट ऐकू आलं नाही."

आईचे कान शेवटपर्यंत उत्तम होते. मी टेप मागे घेतली.